चुकीच्या ठोक्यांवर माझा होकार

पुलगावहून वर्ध्याला जाणारी सकाळची गाडी आमच्या फाट्यावर सव्वासातला यायची आणि सव्वासातला मी फाट्यावर कधीच नसायचे. डबा भरायचा, गॅस बंद केला का ते दोनदा बघायचं, मग चपला अडकवून धावत सुटायचं. लांबून गाडी उभी दिसायची. इंजिन सुरू, कंडक्टर वैतागलेला, आणि ड्रायव्हरभाऊ खिडकीबाहेर कोपर काढून निवांत बसलेले. मी चढले की ते आरशात बघून म्हणायचे, "आली मशीनवाली बाई. चाला आता." मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "तुमची गाडी वेळेच्या आधी येते, त्याला मी काय करू?" असं उलट मीच सुनवायचे. अकरा वर्षं हे असं चाललं. अकरा वर्षांत त्या माणसानं मला एकदाही मागे सोडलं नाही.

हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी त्यांच्याशी कशी वागले ते येणार आहे, आणि ते वाचताना हा माणूस कोण होता ते माहीत असलेलं बरं.

सावंगीच्या वळणावर अर्धी गाडी रिकामी व्हायची, शिकणारी पोरंपोरी सगळी तिथे उतरायची. मी पुढे वर्धा गावात उतरायचे. तिथल्या एका तपासणी केंद्रात मी एमआरआयचं मशीन चालवते. पेशंटला आत सरकवायचं, काचेच्या अलीकडे बसून माईकवरून सांगायचं, "श्वास घ्या, सोडा, थांबा, हलू नका." माझा आवाज मुळातच चढा. घरचे म्हणतात, हिच्या मशीनपेक्षा हीच जास्त आवाज करते. पेशंट हलला की मी भडकते, नातेवाईक दारातून डोकावले तरी भडकते. कामाच्या बाबतीत मला कोणी बोट दाखवलेलं चालत नाही. म्हणजे चालत नव्हतं.

एकदा डेपोत गाडी उभी करून खाली उतरताना भाऊंना घेरी आली. धडपडले, गुडघा फुटला, बाकी काही नाही. पण त्यांनी पन्नाशी ओलांडलेली, त्यात हातात पन्नास माणसांचा जीव. वरच्यांनी तपासणीला पाठवलं. छातीची सोनोग्राफी झाली, तर चित्र नीट दिसेना. माणूस पैलवानी अंगाचा, छाती रुंद आणि अस्वलासारखी केसाळ. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा पंप जरा कमजोर वाटतोय, पण खात्रीनं सांगता येत नाही. एमआरआय करून घ्या, त्यात नेमका आकडा मिळेल. हृदयात जेवढं रक्त भरतं त्यातलं किती एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं, त्याचा तो आकडा. भाऊंना एवढंच समजलं होतं की आकडा चाळीसच्या वर आला तर स्टेअरिंग हातात राहील, आणि खाली आला तर कायमचं खुर्चीवर बसावं लागेल.

"बाई, तुह्या मशीनच्या हातात हाय मी," ते गाडीतच म्हणाले. "चाळीसच्या वर काढजो बरं."

"मी काढत नसते, मशीन काढतं," मी म्हणाले. "आणि तुमच्यासारख्या रेड्याला काय होतंय!"

सारी गाडी हसली. तेही हसले.

ते आले शनिवारी, कारण शनिवार त्यांच्या सुट्टीचा. आमच्याकडे शनिवारी दुपारपर्यंतच काम. आणि त्या दिवशी माझ्या घरी सासरचे पाहुणे यायचे होते, पाटवडी माझ्याच हातची लागते म्हणून सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते. मला दोनची गाडी धरायची होती. एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही असतं तर सांगितलं असतं.

हृदयाचा फोटो हाताच्या फोटोसारखा नसतो. हात थांबतो, हृदय थांबत नाही. झोक्यावर बसलेल्या पोराचा फोटो काढावा तसं ते काम आहे. एका झोक्यात सगळं टिपता येत नाही, म्हणून दहा-बारा झोक्यांतून थोडं थोडं घ्यायचं आणि जोडायचं. त्यासाठी दर वेळी झोका नेमका कुठून सुटला ते मशीनला कळावं लागतं. म्हणून छातीवर चार चकत्या चिकटवायच्या, त्यांना तारा लावायच्या. ठोका पडला की पडद्यावरच्या रेषेत एक उंच टोक उठतं, मशीन ते धरतं आणि तिथून मोजायला लागतं. त्याच्या मागून एक बुटकं टेकाड येतं, त्याकडे मशीननं बघायचं नसतं. पण चुंबकाच्या आत रक्त वाहतं तेव्हा ते बुटकं टेकाडही फुगतं. चकत्या नीट चिकटल्या नसल्या तर खरं टोक खुजं दिसतं आणि मशीन फसतं. कधी टोक धरतं, कधी टेकाड. मग वेगवेगळ्या वेळेचे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि हृदय पूर्ण आवळलेलं कधी दिसतच नाही. धडधाकट माणसाचं हृदयसुद्धा अर्धवट आवळल्यासारखं दिसतं आणि आकडा खाली येतो.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. कोणी शिकवलं नाही म्हणून चूक झाली, असं म्हणायची सोय नाही.

केसांवर चकती धरत नाही. त्यासाठी आमच्या खणात वस्तरा असतो, चार जागी चार बोटं साफ करायची, दोन मिनिटांचं काम. मी वस्तरा काढला तसे भाऊ उठून बसले.

"आज नको बाई. आज शनिवार हाय."

"मग?"

"मग काय? मारुतीचा वार. शनिवारी मी अंगाले वस्तरा लावत नाई. लगन झालं त्या दिवशी शनिवार होता, तवाबी दाढी केली नाई मी. तशीच राहू दे नं, चिकटते थे."

इथे कोणी परगावचं असतं तर म्हणालं असतं, काका, हा दवाखाना आहे, देऊळ नाही. आणि सरळ वस्तरा फिरवला असता. पण मी इथलीच. माझे वडील शनिवारी दाढी करत नसत, कटिंग करत नसत, आम्हा पोरींना नखंही कापू देत नसत. अशा माणसाच्या छातीवर शनिवारी वस्तरा ठेवायला माझा हात धजेना. सोमवारी या, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. सोमवारी त्यांना रजा मिळाली असती की नाही ठाऊक नाही, मी विचारलंच नाही. केस इकडेतिकडे सारले, चकत्या दाबून बसवल्या, वरून पट्टी ओढली. "नशीब तुमचं," म्हणाले, आणि त्यांना आत सरकवलं.

पडद्यावर ठोके नाचायला लागले. एकाहत्तर. एकशे चौतीस. अठ्ठ्याहत्तर. एकशे एकोणतीस. आणि बोटाला लावलेली नाडीची चिमटी शांतपणे सत्तर-एकाहत्तर दाखवत होती. म्हणजे मशीन एका ठोक्याला दोनदा मोजत होतं. शिकाऊ माणसालाही कळावं इतकं ते उघड होतं. मी तारा जरा हलवल्या. थोडा वेळ बरं चाललं, पुन्हा तेच. घड्याळात एक वाजून गेलेला.

मी म्हटलं, जाऊ दे, होईल.

"श्वास सोडा, थांबा," मी माईकवरून सांगत होते आणि भाऊ इमानदारीनं थांबत होते. श्वास मोजायला पोटावर बांधलेला पट्टा जराही हलत नव्हता. लहानपणी कालव्यात बुडी मारायचे, पोरांत पैज लागायची, असं त्यांनी आत जाण्याआधी सांगितलं होतं. बारा सेकंद म्हणजे बारा सेकंद. बाहेर आल्यावर कौतुकाची वाट बघत त्यांनी विचारलं, "कसा धरला दम?"

"झकास," मी म्हणाले. आणि पर्स उचलली.

आमचे फोटो नागपूरचे एक डॉक्टर वाचतात. ते इथे येत नाहीत, त्यांच्या घरच्या पडद्यावर फोटो जातात, ते रेषा आखून आकडा काढतात. मी दाराला कुलूप लावायच्या बेतात होते तेवढ्यात त्यांचा फोन आला. "फोटो जरा धूसर वाटतायत. ठोका नीट धरला होता ना मशीननं?"

त्या क्षणी खरं बोलले असते तर काय झालं असतं? भाऊ अजून खालीच चहाच्या टपरीवर उभे होते. हाक मारली असती, समजूत काढली असती, नाहीतर सोमवार ठरवला असता. पाटवडीला उशीर झाला असता.

"हो सर," मी म्हणाले. "ठोका ठीक होता. पेशंटला श्वास धरता येत नव्हता, म्हणून धूसर आलंय."

"बरं," डॉक्टर म्हणाले. श्वास धरता येत नाही म्हटल्यावर त्यांना सगळं जुळलं असणार. कमजोर हृदयाच्या माणसाला दम लागतो, त्यात नवल ते काय?

दोनची गाडी मला मिळाली. पाटवडीही छान झाली.

आकडा चौतीस आला.

पुढचं सगळं इतकं सरळ झालं की मधे पडायला फट मिळाली नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. रिपोर्ट वर गेला, भाऊंचं स्टेअरिंग काढलं, त्यांना वर्ध्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलं. हिंगणघाट-जाम गाडी फलाट तीन, आर्वी गाडी फलाट पाच. जो माणूस आयुष्यभर गाड्या घेऊन गेला, तो आता गाड्या कुठे लागल्या ते भोंग्यातून सांगत होता. संध्याकाळी परतीची गाडी धरायला मी स्टँडवर यायचे तेव्हा त्यांचा आवाज कानावर पडायचा. मी दुसऱ्या टोकाच्या दारानं आत शिरायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

तरी एकदा त्यांनी गाठलंच. "काऊन बाई, दिसत नाई आजकाल?"

बघितलं तर माणूस निम्मा झालेला. मिठाचं बंद, तेलाचं बंद, घरात कोणी बादली उचलू देत नाही, गच्चीवर चढू देत नाही. गल्लीतली माणसं हातातली पिशवी काढून घेतात. "मले काई होत नाई वो," ते म्हणाले, "पन घाबरून राह्यतो. रात्री पडलो का छातीतलं ऐकत राह्यतो. आधी कधी ऐकलंच नव्हतं." मग लगेच माझ्याच समाधानासाठी हसले. "तुह्या मशीननं बरं पकडलं पन. नाई तं पन्नास लोकं घेऊन कुठं पुलाखाली गेलो असतो."

मी म्हणाले, काळजी घ्या. मला माझ्याच तोंडाची किळस आली.

आठ महिने मी हे असं काढलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय? मधे मधे मनाची समजूतही काढायचे. कदाचित आकडा खराच असेल. सोनोग्राफीतही कमजोर म्हटलंच होतं की. आपण काय डॉक्टर आहोत? मग एक दिवस मशीनच्या कंपनीकडून एक शिकवणारे गृहस्थ आले. आम्हा सगळ्यांना बसवून हृदयाचे फोटो चांगले कसे घ्यायचे ते सांगायला लागले. उदाहरण दाखवायला म्हणून त्यांनी जुन्या यादीतून एक तपासणी उघडली. तारीख बघितली. त्याच शनिवारची.

त्यांनी ठोक्यांची रेषा मोठी करून दाखवली. "हे बघा. इथे टोक धरलंय, इथे टेकाड, इथे पुन्हा टेकाड. या आकड्याला काडीची किंमत नाही. एवढा गोंधळ समोर दिसत असताना हे पास करणाऱ्याला एकतर झोप लागली असेल, नाहीतर गाडी पकडायची असेल."

सगळे हसले. मीही हसले.

आजही मला त्या हसण्याची लाज सगळ्यात जास्त वाटते. खोटं बोलले तेव्हा निदान घाई तरी होती. हसताना कसली घाई होती?

त्या संध्याकाळी मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, त्या तपासणीत ठोका चुकला होता, पुन्हा करायला हवी. ते म्हणाले, "मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हो."

"त्या माणसाला श्वास धरता येत नव्हता, तेही तुम्हीच सांगितलंत."

"धरता येत होता सर. उत्तम येत होता."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. "उद्या-परवा बोलवा," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी भाऊ आले. मी त्यांना सांगितलं की मागच्या वेळी तारा नीट चिकटल्या नव्हत्या, म्हणून पुन्हा बघायचंय. अर्धं खरं. त्यांना तेवढं पुरलं. "होय नं, माहीच चूक! शनिवार पाळत बसलो," असं म्हणत त्यांनी स्वतःच सदरा काढला. "घे, पाह्यजे तेवढी भादर."

त्यांनी आपण होऊन दोष अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला. वस्तरा फिरवला, कातडी घासून पुसून कोरडी केली, चकत्या दाबल्या, एकेक तार तीनदा तपासली. पडद्यावर उंच टोकं उठली, एकामागून एक. बाहत्तर, बाहत्तर, एकाहत्तर, बाहत्तर. बोटावरची चिमटीही तेच सांगत होती. एकही ठोका सुटला नाही. काचेच्या अलीकडे माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी माईकवर आवाज चढाच ठेवला.

आकडा त्रेपन्न आला.

नवा रिपोर्ट गेला, जुना रद्द झाला, पुन्हा डॉक्टरांनी तपासलं, पायऱ्या चढवून बघितल्या. ड्युटीचा कागद निघाला. सोमवारी सकाळची पुलगाव-वर्धा, त्यांचीच जुनी गाडी. भाऊंनी स्टँडवरून मला फोन केला तेव्हा भोंगा बंद करायचं विसरले होते, त्यामुळे अख्ख्या स्टँडनं ऐकलं, "बाई, वापस भेटली गाडी! रविवारी जेवाले येजो. नाई म्हणजो नको."

नाही कसं म्हणणार? गेले.

वहिनींनी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती, कढी होती. सांबारवडी तळायची तर घरात तेल परत आलं होतं, आणि त्याचा आनंद त्यांच्या हातापायांत दिसत होता. खुंटीला खाकी सदरा इस्त्री करून लटकवलेला. भाऊ मला वाढायला सांगत होते, आणखी घे, आणखी घे. आणि वहिनींना सांगत होते, "या बाईनं मले वापस बसवलं. कोन करते एवढं? आठ महिन्यानंतर आपला जुना कागद काढून कोन पाहते? माही चूक असून हिनं आपल्या अंगावर घेतली."

वडीचा घास तोंडात फिरायला लागला.

मी ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. शनिवारी सोमवारचं नाव काढायला हवं होतं, ते काढलं नाही. ठोके चुकतायत ते मला तेव्हाच दिसत होतं, पडद्यावर, माझ्या समोर. डॉक्टरांनी फोन करून विचारलं होतं, मी ठीक आहे म्हणाले. मला गाडी पकडायची होती. आणि वरून सांगितलं, पेशंटला श्वास धरता येत नाही.

"मी तं धरला होता," भाऊ म्हणाले.

"हो."

"तू झकास म्हटलं होतं."

"हो भाऊ."

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या, त्यासाठीच गेल्यासारखी बसले होते. खरं सांगायचं तर छातीवरचं ओझं उतरून मला त्या क्षणी फार हलकं वाटत होतं. आठ महिन्यांनी पहिल्यांदा.

मग त्यांनी विचारलं, "मंग बुधवारचा आकडा?"

"तो खरा आहे. शंभर टक्के खरा. मी स्वतः एकेक ठोका बघितला."

"मागच्या येळी बी तूच पाह्यला होता."

मी उठायला लागले.

"नाई, मी रागानं नाई म्हणत," ते म्हणाले. "मी इचारून राह्यलो. तवा बी तू हो म्हटलं, आता बी तूच हो म्हटलं. तवा तुले घरी जायची घाई होती. आता तुले वाईट वाटून राह्यलं, मले गाडी भेटली पाह्यजे असं वाटून राह्यलं. मी कोणता धरू?"

मी म्हणाले, नागपूरला करू या, दुसऱ्या मशीनवर, दुसरं कोणीतरी करेल, मी तिकडे फिरकणारही नाही. सगळी धावपळ मी करते.

"तिथंबी कोनी तरी काचेमागं बसलंच असल नं," ते म्हणाले. "त्याले बी घर असल."

त्यांनी हात धुतला. आठ महिने मी छातीतलं ऐकत होतो, म्हणाले, आत्ता चार दिवस झाले, ऐकू येणं बंद झालं होतं. आता पुन्हा ऐकू येऊन राह्यलं. मागं पन्नास लोकं बसवून, छातीतलं ऐकत गाडी नाही चालवता येत. माझ्या एकट्याचा प्रश्न असता तर हाकली असती. मग खुंटीवरचा सदरा काढून त्यांनी घडी केली आणि पेटीत ठेवला. सोमवारी डेपोत जाऊन खिडकीवरच राहतो म्हणून लिहून देईन, म्हणाले. आवाज अगदी साधा, फलाट सांगावा तसा.

मी रडायला लागले तर उलट तेच म्हणाले, "जाऊ दे बाई. जेवून घे." आणि आत जाऊन पडले.

मला जेवण गेलं नाही. वहिनींनी ताटं उचलली, उरलेल्या वड्या झाकून ठेवल्या. निघाले तेव्हा फाटकापर्यंत आल्या. कडी लावता लावता थांबल्या.

"खरं बोलल्या तुमी, थे बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पन उद्या याहिची गाडी होती. हे आज सांगाची गरज कोणाले होती बाई, याहिले का तुमाले?"

मला होती. तसं मी म्हणाले नाही. "येते वहिनी," म्हणाले आणि रस्त्याला लागले.